सीडी/डीव्हीडी बर्न करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? जुनंच अपडेट करू की बदलू? चवथीच्या आधी हवंय

केरीकार_फोंडा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

घरी डेस्कटॉप आहे, आधी विंडोज ७ होतं, मग १० केलं. डीव्हीडी रायटरच्या खोक्यात जी सीडी मिळाली होती त्यातलंच बर्निंगचं सॉफ्टवेअर मी इतकी वर्षं वापरत आलो, कधी तक्रार नव्हती. गेल्या वर्षी तो रायटर बिघडला, ट्रे बाहेरच येईना, म्हणून दुसऱ्या कंपनीचा नवा आणून बसवला आणि तेव्हापासून ते सॉफ्टवेअर रायटर सापडत नाही म्हणून अडून बसलं. अपडेट करायला गेलो तर नव्या आवृत्तीला पैसे. मग वाटलं काढून परत टाकू या, म्हणून अनइन्स्टॉल केलं, तर आता धिस पीसीमधे डीव्हीडीचा ड्राइव्हच दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधे त्याच्यापुढे पिवळी खूण आणि कोड ३९ असं येतंय. रायटर गेला की काय तेच कळेना, ट्रे तर नीट उघडतो, दिवा लागतो.

आता काम काय आहे ते सांगतो. आमच्या गावच्या जत्रेत २००६ साली संगीत नाटक झालं होतं, त्यात माझ्या थोरल्या काकांनी काम केलेलं, गायलेही तेच. मिनी डीव्हीच्या टेपा होत्या, त्या मागच्या महिन्यात कॅमेरा मागून आणून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. ३ तास १० मिनिटं, ४१ जीबीच्या आसपास एव्हीआय फायली झाल्या. काका जाऊन चार वर्षं झाली. चवथीला सगळे गावच्या घरी जमतात, तेव्हा प्रत्येक घराला एक प्रत द्यायची असं मनात आहे, साधारण २५ प्रती. पेनड्राइव्हवर देता आलं असतं पण बाबा ७८ वर्षांचे, त्यांचा टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर आहे आणि त्यांच्या वयाच्या सगळ्यांकडे तेच आहे. बाबा म्हणतात डिस्क घातली की लागली पाहिजे, मला त्या रिमोटवर फोल्डर शोधायला लावू नकोस.

शिवाय वाड्यावरच्या भजनाचं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग आहे, त्याची ऑडिओ सीडी करायचीय.

तर (१) ड्राइव्ह परत कसा आणू (२) जुनंच सॉफ्टवेअर पैसे भरून अपडेट करावं की दुसरं घ्यावं. फुकटातलं चालत असेल तर बरं, पण काम पक्कं झालं पाहिजे.

म्हापसा_शूटिंगवाला

दादा, पैसे भरू नका. निदान या कामासाठी तरी नको.

मी लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेटी करायचो तेव्हापासून या धंद्यात आहे, आता डिस्क कोणी मागत नाही तरी घरात शंभरेक कोऱ्या पडून आहेत. तुमच्या कामाचे दोन वेगवेगळे भाग आहेत आणि तिथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. एक म्हणजे एव्हीआय फायलींची प्लेयरला कळणारी डीव्हीडी बनवणं, म्हणजे ते व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर तयार करणं, त्याला ऑथरिंग म्हणतात. दुसरं म्हणजे ते तयार झालेलं डिस्कवर जाळणं. जाळणारं सॉफ्टवेअर पहिलं काम करतंच असं नाही. निरोसारख्या मोठ्या पॅकेजमधे दोन्ही एकत्र मिळायचं म्हणून लोकांना वाटतं एकच काम आहे.

ऑथरिंगला डीव्हीडी स्टायलर घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. नवीन प्रोजेक्ट करताना टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती विचारेल, त्यातली पाल निवडा, एनटीएससी नाही, आपल्याकडचे कॅमेरे पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. चुकून एनटीएससी झालं तर चित्र झटके देतं. टेप जुनी म्हणजे ४:३ असणार, ते पण बघून घ्या, नाहीतर काका आडवे पसरलेले दिसतील आणि घरच्यांना ते बघवणार नाही.

आता वेळेचं. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, विंडोज तेच ४.३८ दाखवतं, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी एवढंच. त्यात दोन तास घातले तर चित्र छान राहतं. तुम्ही ३ तास १० मिनिटं एकाच डिस्कवर कोंबली तर स्टेजवरच्या लाइटमधे चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसायला लागतात, आणि नाटकात अर्धा वेळ मागे काळोख असतो, तिथे तर फारच. म्हणून दोन डिस्का करा. ८.५ जीबीची डबल लेयर मिळते पण महाग पडते आणि जुने प्लेयर तिच्यावर अडखळतात. दोन डिस्का करताना वेळ मोजून मधोमध कापू नका, अंक संपतो तिथे कापा. पहिल्या डिस्कवर दोन अंक, दुसऱ्यावर बाकीचे, असं. पदाच्या मधे कापलेली डीव्हीडी मी एकदा एका मंडळाला दिली होती, त्यांनी परत आणून दिली आणि त्यांचंच बरोबर होतं.

डीव्हीडी स्टायलरमधून थेट डिस्क जाळू नका, आयएसओ फाइल काढा, म्हणजे सबंध डिस्कची एकच फाइल. ती इमगबर्न या फुकटच्या सॉफ्टवेअरने जाळा. इमगबर्नची शेवटची आवृत्ती २.५.८.०, जून २०१३ ची. एवढी जुनी म्हणून सोडू नका, डीव्हीडी जाळायची पद्धत २०१३ नंतर काही बदललेली नाही आणि विंडोज १० वर ते मजेत चालतं. मी रोज वापरत होतो. जाळून झाल्यावर व्हेरिफाय करतं, म्हणजे डिस्क परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघतं. ती टिकची खूण काढू नका, वेळ दुप्पट लागेल पण पंचवीस घरांत डिस्क जायचीय.

स्पीड ८एक्स ठेवा. १६एक्सने पाचसहा मिनिटांत होते, ८एक्सने आठदहा, पण जुन्या प्लेयरला ती पचते. एकदम १एक्स २एक्सवर पण नको, आताच्या कोऱ्या डिस्का इतक्या हळू जाळण्यासाठी बनवलेल्याच नसतात.

ड्राइव्ह दिसत नाही त्याचं मला नीट सांगता येणार नाही, डिचोलीच्या ताई येतीलच.

डिचोली_लॅब

आले. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधे आहे, हा कोड ३९ मी इतक्यांदा बघितलाय की केरीकार दादांचा प्रश्न वाचतानाच कळलं. तुमचा रायटर शंभर टक्के चांगला आहे, फेकू बिकू नका.

जुनी बर्निंगची सॉफ्टवेअरं विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मधे आपला एक छोटा ड्रायव्हर बसवतात, त्याला फिल्टर म्हणतात. अनइन्स्टॉल केलं की तो ड्रायव्हर जातो पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, त्याची नोंद राहून जाते. मग विंडोज ड्राइव्ह सुरू करताना त्या नोंदीतलं नाव शोधतं, ते सापडत नाही, आणि ड्राइव्हच बंद ठेवतं. कोड १९, कोड ३९, कोड ४१ हे सगळे त्याच घरचे.

आधी सोपं करा: डिव्हाइस मॅनेजरमधे त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, कॉम्प्युटर रीस्टार्ट. त्याने आलं तर उत्तम. नाही आलं तर स्टार्टमधे रेजएडिट टाइप करून रजिस्ट्री उघडा. एचकी लोकल मशीन (HKEY_LOCAL_MACHINE), त्यात सिस्टम, त्यात करंटकंट्रोलसेट, त्यात कंट्रोल, त्यात क्लास. तिथे महिरपी कंसातल्या लांबच लांब किल्ल्यांची यादी दिसेल, त्यातली ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी शोधा. सारख्या दिसणाऱ्या शेजारीच आहेत, म्हणून उजव्या बाजूला क्लासच्या पुढे सीडीरॉम लिहिलंय का बघा. तसं नसेल तर हात लावू नका. ती सापडली की आधी राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा, म्हणजे चुकलं तर परत बसवता येईल. मग उजवीकडे अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नावाच्या नोंदी असतील, दोन्ही असतील किंवा एकच असेल, त्या डिलीट करा. रीस्टार्ट. ड्राइव्ह येईल.

आणि आधी ते सॉफ्टवेअर नवा रायटर का ओळखत नव्हतं, तर खोक्यात मिळणारी आवृत्ती बऱ्याचदा त्याच कंपनीच्या ड्राइव्हला बांधलेली असते. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावलात की ती बघतच नाही. तुमची काही चूक झालेली नाही.

आता अपडेटचं बोलते कारण या विषयावर माझं ठाम मत आहे. ब्राउझर, विंडोज, अँटीव्हायरस हे अपडेट करायलाच हवेत कारण ते नेटशी बोलतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते पण लक्षात असू दे, या मशीनवर बँकेची कामं करत असाल तर त्याचा वेगळा विचार करा. पण डिस्क जाळणारं सॉफ्टवेअर नेटशी बोलत नाही, फाइल घेतं आणि डिस्कवर लिहितं. ते तुमच्या विंडोजवर उघडतंय, रायटर ओळखतंय, व्हेरिफाय पास होतंय, मग त्याला नवीन आवृत्ती नसली तरी चालतं. अपडेट कधी करायचं, तर विंडोज बदललं आणि ते उघडेनासं झालं, किंवा ब्लू रेसारखी नवीन डिस्क लिहायचीय आणि त्याला ती येत नाही. आणि करताना आधी जुनं नीट काढायचं, रीस्टार्ट करायचं, मगच नवं टाकायचं. एकावर एक तीन बर्निंग सॉफ्टवेअरं बसवलेले कॉम्प्युटर माझ्याकडे येतात, त्यातच हे फिल्टरचे घोळ असतात.

इमगबर्नबद्दल एक सावध करते. सॉफ्टवेअर चांगलंच आहे, पण २.५.८ च्या इन्स्टॉलरमधे ओपनकँडी नावाचं जाहिरातीचं जोडकाम असायचं आणि डाउनलोडच्या पानांवर खरं बटण कुठलं आणि जाहिरातीचं कुठलं हे पटकन कळत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत जाऊ नका, कस्टम निवडा, प्रत्येक पान वाचा, नको त्या टिकच्या खुणा काढा. हे नकोच असेल तर एनीबर्न बघा, लहानसं आहे, फुकट आहे, त्याच्या नव्या आवृत्त्याही निघत आल्यात. आयएसओ जाळणं, ऑडिओ सीडी, सगळं येतं.

नुसती आयएसओच जाळायची असेल तर खरं म्हणजे काहीच बसवायला नको, विंडोज ७ पासून आयएसओवर राइट क्लिक केलं की बर्न डिस्क इमेज असा पर्याय असतो आणि त्यातही व्हेरिफायची टिकची खूण आहे. पण तिथे स्पीड निवडता येत नाही, म्हणून तुमच्या कामाला मी वेगळं सॉफ्टवेअरच सांगेन.

वास्को_पेंग्विन

विंडोज १० चा सपोर्ट संपलाच आहे तर विंडोजच्या जागी लिनक्स लावून बघा की. त्यात बर्निंगला केथ्रीबी किंवा ब्रासेरो, दोन्ही फुकट, जाहिरात नाही, सिस्टमबरोबरच अपडेट होतात, वेगळं काही शोधत बसायला नको. पेनड्राइव्हवरून चालू करून बघता येतं, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही, आणि रायटर खरंच चालतोय का हे पण दहा मिनिटांत कळेल.

केरीकार_फोंडा

ताई, ड्राइव्ह आला! राइट क्लिकवाल्या उपायाने नाही आला, रजिस्ट्रीतलं करावं लागलं, लोअरफिल्टर्स नव्हतंच, एकटं अप्परफिल्टर्स होतं, ते काढलं. रात्री साडेअकराला केलं आणि ड्राइव्ह दिसल्यावर मुलीला झोपेतून उठवून दाखवलं. देव बरें करूं.

पण आता दुसरी अडचण. तुमची उत्तरं येईपर्यंत थांबवेना म्हणून पुतण्याच्या लॅपटॉपवर यूएसबीचा रायटर लावून त्याने एक डिस्क करून दिली होती. एमपी४ फाइल केली, डिस्कवर ओढून टाकली, विंडोजने विचारलं डिस्क कशी वापरणार, त्याने पेनड्राइव्हसारखी हा पर्याय घेतला. लॅपटॉपवर लागते, माझ्या कॉम्प्युटरवर पण लागते, बाबांच्या प्लेयरमधे नो डिस्क. बाबा दोन वेळा काढून पुसून घालत होते. मला ते बघून वाईट वाटलं, म्हणजे ते इतकी वाट बघतायत.

डिस्क खराब आहे का? दुसऱ्या कंपनीच्या आणू का?

म्हापसा_शूटिंगवाला

डिस्क चांगली आहे दादा. पुतण्याने जो पर्याय घेतला त्याने ती डिस्क कॉम्प्युटरची झाली, प्लेयरची नाही. पेनड्राइव्हसारखी म्हटलं की विंडोज ती उघडी ठेवतं, नंतर आणखी फायली टाकता याव्यात म्हणून. प्लेयरला पूर्ण बंद केलेली, म्हणजे फायनलाइज केलेली डिस्क लागते. त्याच्या खालचा सीडी डीव्हीडी प्लेयरसाठी असा दुसरा पर्याय घेतला असता तरी नुसती एमपी४ टाकून उपयोग नव्हता, जुन्या प्लेयरला एमपी४ कळत नाही, त्याला व्हिडिओ_टीएसच पाहिजे. इमगबर्नला ते फोल्डर दिलं किंवा डीव्हीडी स्टायलरची आयएसओ दिली तर ते बरोबर पद्धतीने लिहून शेवटी डिस्क बंद पण करतं.

डिस्क आणताना डीव्हीडी उणे आर आणा, अधिक आर नको, जुने प्लेयर उणेवाली जास्त ओळखतात. घरात अधिक आर पडून असतीलच तर इमगबर्नमधे बुकटाइप, म्हणजे डिस्कचा प्रकार सांगणारी तिच्यावरची नोंद, डीव्हीडी रॉम करायची सोय आहे, रायटरने साथ दिली तर प्लेयरला ती छापील डीव्हीडीसारखी वाटते आणि लागते. उणेवालीला हे होत नाही, तिला गरजही पडत नाही.

पंचवीस एकदम काढू नका. एक काढा, बाबांच्या प्लेयरमधे सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, नुसती पहिली पाच मिनिटं नाही, डिस्कच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात अडकायची सवय असते. मग गावात सगळ्यात जुना प्लेयर कोणाकडे आहे तिथे बघा. दोन्हीकडे लागली की त्याच आयएसओवरून बाकीच्या.

आणि पाऊस चालू आहे. आमच्याकडे दुपारी तीनदा लाइट गेली. डीव्हीडी जळताना लाइट गेली की ती डिस्क गेलीच, अर्धवट जळलेली पुढे चालू करता येत नाही. यूपीएस असेल तरच बसा, नसेल तर कोणाचा तरी मागून आणा.

पेटीवाला_साखळी

नमस्कार. नाटकाचं सगळं सांगून झालंय, मी भजनाच्या सीडीबद्दल बोलतो कारण तो भाग राहिला आणि माझ्या दृष्टीने तो जास्त नाजूक आहे. मी साथीला पेटी वाजवतो, चाळीस वर्षं झाली, आणि आमच्या मंडळाच्या कितीतरी सीड्या मीच केल्यात.

ऑडिओ सीडी आणि एमपी३ची सीडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑडिओ सीडीवर जास्तीत जास्त ८० मिनिटं, फायली कितीही छोट्या असल्या तरी, कारण सॉफ्टवेअर त्या उलगडून ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटमधेच लिहितं. एमपी३ची केलीत तर १२८ केबीपीएसच्या दर्जाने बारा तासांच्या आसपास मावेल पण ती सगळ्या प्लेयरना वाचता येत नाही. देवळातल्या साउंडवाल्याकडे जुना सीडी प्लेयर असेल तर ऑडिओच करा. मोबाईलचं रेकॉर्डिंग बहुतेक ४८ किलोहर्ट्झचं असतं, तुम्ही काही करायला नको, बदललं जातं.

आता मुख्य. आपल्या भजनात एक अभंग संपतो आणि दुसरा सुरू होतो त्याच्या मधे काही थांबत नाही. पखवाज चालू असतो, टाळ चालू असतात, बुवा नुसता सूर बदलतात आणि मंडळी उचलतात. घुमट आरतीतही तेच, लय चढत चढत एका आरतीतून दुसरीत जाते. तुम्ही त्याचे दहा तुकडे करून नेहमीसारखी सीडी जाळलीत तर सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याच्या मधे दोन सेकंद शांतता घालतं. ऐकताना काय होतं सांगतो, गजर अगदी टिपेला पोचलाय, सगळ्यांचे हात वर आहेत, आणि एकदम काहीच नाही. मग परत मधूनच सुरू. मी माझी पहिली सीडी लावली तेव्हा मला वाटलं प्लेयर बिघडला. आमचे बुवा काही बोलले नाहीत, नुसते उठून अंगणात गेले.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना एवढंच बघा की त्याला डिस्क ॲट वन्स येतं का आणि ट्रॅकमधला गॅप शून्य करता येतो का. ट्रॅक ॲट वन्स असेल तर प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो आणि तो गॅप येतोच, डिस्क ॲट वन्समधे सबंध सीडी एका दमात लिहिली जाते. सीडीबर्नरएक्सपी मधे गॅपशिवाय जाळायची सोय आहे, फुकट आहे, नावात एक्सपी असलं तरी नंतरच्या विंडोजवर चालतं. मी तेच वापरतो, मला बदलायची गरज कधी वाटली नाही.

अजून एक बारीक गोष्ट, ही मला फार उशिरा कळली. सीडीवर एक सेकंदाचे ७५ भाग असतात आणि ट्रॅक त्या भागाच्या कडेवरच संपू शकतो. तुम्ही ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमधे मनाला येईल तिथे कापलंत तर उरलेला तुकडा शांततेने भरला जातो आणि सांध्यावर टिक् असा बारीक आवाज येतो. टाळांत लपतो कधी कधी, पण आलापात नाही लपत. ऑडॅसिटीत वेळेच्या मोजणीत सीडीडीए फ्रेम, सेकंदाला ७५, असा पर्याय आहे, तो लावा, स्नॅप चालू करा आणि मगच कापा. कापायची जागा समेवर घ्या. समेच्या जरा आधी, थाप पडायच्या आधी. म्हणजे कोणी मधलाच अभंग लावला तर तो थापेने सुरू होतो, ऐकायला नैसर्गिक वाटतं.

फायली वेव्हमधेच ठेवा सीडी होईपर्यंत. एमपी३ केलं की प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला शेवटाला आपोआप थोडी शांतता चिकटते, मग वरचं सगळं केलेलं फुकट जातं.

डिचोली_लॅब

पेटीवाला काका, हे एमपी३चं मी पोरांना शिकवते पण समेवर कापायचं कधी सुचलं नसतं.

केरीकार दादा, दोन गोष्टी राहिल्या. रायटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलाच प्रोग्रॅम, अपडेट करा असं नेटवर वाचाल. नवीन प्रकारच्या कोऱ्या डिस्का ओळखत नसेल तर त्याचा उपयोग असतो, पण तुमचा ओळखतोय, मग करू नका. मॉडेलचा एक आकडा चुकला किंवा मधे लाइट गेली तर रायटर कायमचा जातो.

दुसरं, डिस्कवर नाव लिहायला बॉलपेन नको. सीडीत तर माहितीचा थर वरच्या लेबलच्या लगेच खाली असतो, टोकाने चरा पडला की तेवढं गेलं. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधे असतो म्हणून थोडी सुरक्षित, तरी मऊ टोकाचा सीडीचा मार्करच वापरा. कागदी स्टिकर अजिबात नको, आपल्या दमट हवेत त्याची कड सुटते आणि ड्राइव्हच्या आत अडकते.

आणि त्या ४१ जीबीच्या मूळ एव्हीआय फायली डीव्हीडी झाली म्हणून डिलीट करू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक तुमच्या घरी, एक दुसऱ्या कोणाच्या. जाळलेल्या डिस्कमधे रंगाचा थर असतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिली तर किती वर्षं टिकेल याचा भरवसा नाही. टेपा पण फेकू नका, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

केरीकार_फोंडा

मंडळी, काम झालं, म्हणून कळवायला आलो. पंधरा दिवस गेले.

दोन डिस्का केल्या, पहिल्या दोन अंकांची एक आणि पुढच्या अंकांची दुसरी. डीव्हीडी स्टायलर, पाल, ४:३, मेनूत फक्त अंकांची नावं. इमगबर्नने ८एक्सवर काढल्या, कस्टम निवडून इन्स्टॉल केलं, ताईंनी सांगितलं तसं एक एक पान वाचून. पहिली जोडी बाबांच्या प्लेयरवर पूर्ण बघितली. दुसऱ्या अंकात काका पद संपवून विंगेत जातात आणि वन्स मोअर मिळतो, परत येतात, पेटीवाल्याकडे बघून मान हलवतात आणि परत वरच्या सुरातूनच उचलतात. बाबांनी रिमोट मागून घेतला आणि तेवढंच तीनदा बघितलं. कुठे अडकली नाही. मग शेजारच्या घरी त्याहून जुना प्लेयर आहे तिथे बघितली, तिथे पण लागली.

२५ जोड्या म्हणजे ५० डिस्का झाल्या, त्यात दोन वाया गेल्या, एक व्हेरिफायला नापास झाली, एक जळत असताना लाइट गेली कारण त्या दिवशी यूपीएस परत करून बसलो होतो. बाकी सगळ्या पास.

भजनाची सीडी सीडीबर्नरएक्सपी मधे केली, गॅप शून्य, डिस्क ॲट वन्स. सगळं ९४ मिनिटांचं होतं म्हणून दोन सीड्या केल्या. एका जागी सम नीट पकडता आली नाही, आठव्या आणि नवव्याच्या मधे, परत कापून परत केली, आता सांधा कळत नाही. साउंडवाल्याने लावून बघितली, म्हणाला ही चवथीला देवळात लावतो.

पेटीवाला काका, दोन्हीची एक एक प्रत तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय. फोंड्याच्या बाजूला येणं झालं तर इथेच एक मेसेज टाका, मी स्टँडवर आणून देतो. नाटकाच्या डिस्कवर पेटी कोणी वाजवलीय ते आमच्या घरात आता कोणालाच आठवत नाही, तुम्ही ऐकलंत तर कदाचित हात ओळखाल.